हुतात्मा की बळी? फ्लोरा फाउंटनची यादी वाचताना

चर्चगेट फास्ट | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४०

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना एक पिवळं पडलेलं कात्रण सापडलं. कुठल्याशा एक मेच्या पुरवणीतलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांची यादी, चार रकाने, मुंगीएवढा टाइप.

नोकरीमुळे एकवीस वर्षं मी फ्लोरा फाउंटनच्या स्मारकाजवळून दिवसातून दोनदा जातो. शेतकरी आणि कामगार, हातात मशाल. डोळे मिटून चित्र काढून दाखवेन. पण त्या मशालीखालचं एक नाव सांग म्हटलं असतं तर गप्प बसलो असतो. "एकशे पाच हुतात्मे" एवढं मात्र पाठ, तेहतीस कोटी देव पाठ असतात तसं.

म्हणून आज यादी वाचायला बसलो. पहिलं नाव सीताराम बनाजी पवार. ठीक. दुसरं जोसेफ डेव्हिड पेजारकर. तिसरं चिमणलाल डी. शेठ. इथे थबकलो. पुढे के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, महमद अली, सय्यद कासम, शामलाल जेठानंद, सीताराम गयादीन, मुनीमजी बलदेव पांडे, रावजीभाई डोसाभाई पटेल, होरमसजी करसेटजी. "मुंबई कोणाची" या भांडणात गेलेल्यांच्या यादीत सगळी मुंबईच हजर आहे. आणि मधेच दोन नावं नुसतीच: बालमोहन. अनंता. ना बापाचं नाव, ना आडनाव.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात आला, त्यात मुंबईसह मराठी राज्य नव्हतं. २० नोव्हेंबरला चौपाटीवर तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार, १५ मृत. मग १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं आणि पुढचे पाच-सहा दिवस शहर पेटलं. यादीतली बहुतेक नावं त्या आठवड्यातली.

माझा प्रश्न शब्दाचा आहे. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. चिमणलाल शेठ किंवा होरमसजी करसेटजी मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून घराबाहेर पडले होते का? का दूध आणायला? ते हुतात्मे की बळी? आणि स्मारकावर 'बळी' लिहायला आपल्याला अवघड का वाटतं?

---

खडूस मास्तर | रात्री १०:०५

कीस चांगला काढलाय. पण तो ज्या हत्याराने काढलाय त्याचाही इतिहास बघा. 'शहीद'ला पर्याय म्हणून 'हुतात्मा' रूढ केला तो सावरकरांनी. आणि तो जाऊन बसला कुठे, तर डांगे, एसेम जोशी, अत्रे, अमर शेख यांनी गाजवलेल्या चळवळीच्या स्मारकावर. शब्द कोणाच्या घरचं खातात आणि कोणाकडे चाकरी करतात याचा भरवसा नाही.

आकड्याबद्दल: १०५ ही घोषणेतली संख्या. भाषणांत आता १०६ आणि १०७ दोन्ही ऐकू येतात. कात्रणात किती आहेत, मोजलीत का?

---

चर्चगेट फास्ट | रात्री १०:१२

मोजली. दोनदा. एकदा १०६, एकदा १०७. एका ठिकाणी घडी पडून टाइप उडालाय, तिथे एक नाव आहे की दोन ते कळत नाही.

---

गिरगावातली | रात्री १०:३१

आजी सांगायची ते लिहिते. जानेवारीतल्या त्या दिवसांत चाळीत खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. उभ्या, दोरीने बांधून. मुलांना मधल्या खोलीत जमिनीवर झोपवायचे. तरी गॅलरीत कोणी ना कोणी डोकावायचंच, कारण खाली काय चाललंय ते कळल्याशिवाय गिरगावकराला जेवण जात नाही. आजीच्या शब्दांत, "गोळीला काय ठाऊक कोण बघायला आलंय नि कोण दगड मारायला."

यादीत गजानन ऊर्फ बंडू गोखले हे नाव आहे. ते आजी नेहमी फक्त "बंडू" म्हणून घ्यायची, हुतात्मा वगैरे जोडायची नाही. मला ते जास्त खरं वाटायचं.

---

दीडशहाणा | रात्री १०:५०

म्हणजे आता हुतात्म्यांचं हुतात्मेपणही काढून घ्यायचं? त्या लोकांमुळे तुम्ही आज मुंबईत मराठीत बोलताय. संचारबंदी असताना बाहेर पडणं हेच धाडस होतं. कोण दूध आणायला गेला होता नि कोण घोषणा द्यायला, याचा हिशेब ६०-७० वर्षांनी वातानुकूलित खोलीत बसून करणं शोभत नाही.

---

चर्चगेट फास्ट | रात्री ११:०२

काढून घेत नाहीये हो. उलट विचारतोय. बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ठाकला, तेव्हा काय होऊ शकतं हे त्याला दिसत होतं. त्याला हुतात्मा म्हणताना जीभ अडखळत नाही. सोलापूरचे चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. तिथेही नाही. पण गॅलरीत उभ्या असलेल्या पोराला तोच शब्द लावला की त्याच्या मरणाचा दोष हळूच त्याच्याच पदरात जातो. त्याने 'दिला' प्राण. कोणी 'घेतला' नाही. तुम्ही बघा, स्मारकांच्या मराठीत नेहमी प्राण अर्पण होतात, बलिदान होतं, वीरमरण येतं. गोळी कोणी झाडली हा कर्ता वाक्यातून गायब.

---

अश्वत्थ | रात्री ११:२०

कर्ता गायब असण्याचं कारण व्याकरणात शोधू नका, फायलीत शोधा. १९५५-५६ च्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी झालीच नाही. मागणी झाली, मोरारजींनी मानली नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं तेव्हा मुंबईच्या प्रश्नासोबत या चौकशी नाकारण्यावरही बोट ठेवलं होतं. चौकशी नाही म्हणजे कोण कुठे उभा होता, कोणाच्या हुकमावरून किती फैरी झडल्या, याचा एक सरकारी कागद नाही. म्हणून 'बालमोहन' नुसता बालमोहन राहिला.

आता उलटं उदाहरण घ्या. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी झाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत, त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. कागद आहे, तपशील आहे, ठपके आहेत. सरकारी स्मारक नाही. म्हणजे या शहरात एकीकडे दगड आहे नि कागद नाही, दुसरीकडे कागद आहे नि दगड नाही. मला विचाराल तर ज्यांच्याकडून राज्य मिळालं त्यांचा दगड उभा राहिला, आणि ज्यांच्या मरणाने कोणालाच मिरवता येत नाही ते अहवालात पडून राहिले. त्या ४५ 'अज्ञात' माणसांना तर धर्मही मिळाला नाही.

---

दीडशहाणा | रात्री ११:३१

आलीच गाडी ९२-९३ वर. वाटच बघत होतो. मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट पण घ्या, २५७ गेले.

---

अश्वत्थ | रात्री ११:३८

घेतो की. नक्की घेतो. एकाचं नाव काढलं की दुसऱ्याचं कमी होतं, असं हे रेशन आहे का?

---

संपादक | रात्री ११:४५

मूळ विषय स्मारक आणि यादी. दंगलींसाठी वेगळा धागा काढावा. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

निळी पहाट | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रात्रीच वाचलं होतं, सकाळी लिहिते.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले होते. आमच्याकडे शब्द 'शहीद'. आम्हीही दूध आणायला गेलेला नि घोषणा देणारा वेगळा काढत नाही. पण त्याचं कारण दीडशहाणा म्हणतात ते नाही. तिथे नुसतं त्या वस्तीत राहत असणं एवढंच पुरेसं होतं गोळी लागायला. मग 'तो आंदोलक नव्हता' असं सांगत बसणं म्हणजे जो आंदोलक होता त्याला लागली ते चालेल, असं कबूल करणं. चर्चगेट फास्ट, तुमच्या प्रश्नात हा खड्डा आहे, बघा.

तिथलं स्मारक वस्तीतच आहे. अकरा जुलैला लोक जमतात. मुलांना नावं पाठ आहेत, कारण ती शेजाऱ्यांची नावं आहेत. फ्लोरा फाउंटनला शेजारी कोण? बँका आणि कोर्ट.

---

चर्चगेट फास्ट | सकाळी ८:०२

खड्डा मान्य. रात्री हा मुद्दा सुचला नव्हता. ट्रेनमध्ये आहे, नंतर नीट लिहितो.

---

सीमाभागी | सकाळी ९:४०

यादीच्या शेवटाकडे या. मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी. हे बेळगावचे. कमलाबाई मोहिते निपाणीच्या. मुंबईवाल्यांनो, तुमच्या मशालीखालची ही पाच माणसं ज्या राज्यासाठी गेली त्या राज्यात त्यांचं गाव आजही नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो ते गेलोच. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.

आमच्याकडे १७ जानेवारी हा हुतात्मा दिन. तुमच्याकडे २१ नोव्हेंबर आणि १ मे. एक मेला मुख्यमंत्री पुष्पचक्र वाहतात, बिगुल वाजतो, मंगल कलश आल्याचा आनंद असतो. आमच्या १७ जानेवारीला आनंदाचा भागच नाही, त्यामुळे भाषणं लांबतात. आमच्यासाठी हा 'हुतात्मा की बळी' प्रश्न वेगळ्याच बाजूने टोचतो. आहुती दिली आणि यज्ञ अर्धाच राहिला, तर काय म्हणायचं?

---

पेंगुळलेला पोपट | सकाळी १०:१८

अवांतर: ज्या कारंज्याशेजारी हे स्मारक आहे ते कारंजं मुळात तिथलं नाहीच. १८६४ चं, राणीच्या बागेसाठी ठरलेलं, पण उभं राहिलं जुन्या किल्ल्याच्या चर्चगेट दरवाज्याच्या जागी. वर फ्लोरा, फुलांची रोमन देवी. इतकी वर्षं पाटीवर हुतात्मा चौक आहे आणि टॅक्सीवाला "फाउंटन" म्हटल्याशिवाय मीटर पाडत नाही. नावाची पाटी बदलणं सोपं, जीभ बदलणं अवघड.

---

बर्लिनकर | दुपारी १:५५

इथे बर्लिनमध्ये दोन टोकं शेजारीशेजारी बघायला मिळतात. ज्यूंच्या संहाराचं मध्यवर्ती स्मारक २००५ चं, काँक्रीटचे २७११ ठोकळे, आणि त्यांवर एकही नाव नाही. पोरं त्यावर चढून सेल्फी काढतात. नावं आणि माणसांच्या कहाण्या खाली, तळघरातल्या दालनात.

दुसरं टोक म्हणजे फुटपाथमधले पितळी चौकोन. गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केले. दहा सेंटिमीटरचा दगड, वर पितळी पत्रा, "इथे राहत होती" आणि पुढे नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. त्या माणसाच्या शेवटच्या घरासमोरच. असे आता एक लाखाहून जास्त बसवलेत. माझ्या इमारतीच्या दारात चार आहेत. एकाच आडनावाचे. भाजी आणायला जाताना रोज दिसतात, आणि खरं सांगू, रोज वाचले जात नाहीत. पण पावसात चकाकले की वाचले जातात.

असं काही गिरगाव-लालबागच्या चाळींसमोर का होऊ नये?

---

गिरगावातली | दुपारी २:२०

फुटपाथवर? नावावर पाय द्यायचा? चुकून पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण.

---

बर्लिनकर | दुपारी २:३४

हाच आक्षेप म्युनिकमध्येही घेतला गेला. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुखांचंच म्हणणं होतं की ज्यांना तुडवून मारलं त्यांच्या नावावर पुन्हा पाय नको. म्हणून त्या शहरात सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू देत नाहीत, भिंतीवर पाट्या लावतात. तेव्हा तुमचं म्हणणं अगदी चाळीतलं नाही, बव्हेरियातही चालतं :)

---

खडूस मास्तर | दुपारी ३:१०

भिंत ठीक. पण पुनर्विकासात चाळच जाणार, भिंत कुठली?

आणि त्या १०५-१०६-१०७ वर एक सुचवतो. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत गायब केलेल्यांसाठी ब्वेनोस आयरेसला नदीकाठी स्मारकभिंत आहे. पाट्या तीस हजार, नावं कोरलेली त्यांतल्या साधारण नऊ हजारांवर. उरलेल्या कोऱ्या. नाव सापडलं की कोरता येतं. आपल्याकडे आकडा आधी ठरला, घोषणेच्या ठेक्यात बसला, आणि मग त्या आकड्यात माणसं बसवायची वेळ आली. एकशे सातवा आला की आपल्याला चूक झाल्यासारखं वाटतं. दोन-चार ओळी कोऱ्या सोडल्या असत्या तर एवढा अवघडलेपणा आला नसता.

---

नाकाबंदी | दुपारी ४:४८

लिहू की नको असा दुपारपासून विचार करतोय. इथे सदस्य होऊन नऊ वर्षं झाली, पण हे कधी लिहिलं नाही.

माझे आजोबा तेव्हा मुंबई पोलिसात शिपाई होते. गाव रत्नागिरीकडचं. यादीतली निम्मी आडनावं आमच्या आसपासच्या वाड्यांतली. त्या जानेवारीत ते बंदोबस्ताला होते. कुठे, ते माहीत आहे. गोळी झाडली का, ते माहीत नाही. वडिलांनी एकदाच विचारलं होतं म्हणे. आजोबा उठून परसात गेले आणि पाणी काढत बसले. बादल्या भरून झाल्या तरी काढतच होते.

निवृत्तीनंतर गावाला गणपतीत भजनी मंडळ यायचं, त्यात एक गृहस्थ असायचे. त्यांचा थोरला भाऊ यादीत आहे, नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आजोबा त्यांना पहिला चहा द्यायचे. एवढंच. दोघं कधी त्यावर बोलले असतील असं मला वाटत नाही.

चर्चगेट फास्ट म्हणतात कर्ता गायब आहे. माझ्या घरी कर्ता पंचवीस वर्षं परसातल्या विहिरीवर होता. हुकूम देणारे मात्र वेगळे होते, तेही वाक्यात नाहीत. स्मारकावर "पोलिसांच्या गोळीबारात" असं स्वच्छ लिहिलं तर मला राग येणार नाही. पण तेवढंच लिहून थांबलात तर येईल.

---

निळी पहाट | सायंकाळी ५:२०

नाकाबंदी, लिहिलंत ते बरं केलंत. यावर मला आज काही बोलता येणार नाही.

---

दीडशहाणा | सायंकाळी ५:४१

मीही रात्री जरा जास्तच बोललो. आमच्याकडेही एक यादीत आहे, आईच्या मामांकडचा. म्हणून लागलं. तो मोर्चातला की गॅलरीतला, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. एक मेला फोटोला हार घालतो.

---

चर्चगेट फास्ट | रात्री ८:५५

सगळ्यांचं वाचलं. माझं मत निम्मं बदललंय. 'हुतात्मा' काढा असं आता म्हणणार नाही. निळी पहाट यांचा मुद्दा डोक्यात घट्ट बसलाय, की निरपराध आणि आंदोलक असे दोन ढीग केले की दुसऱ्या ढिगावरच्या गोळीला परवानगी मिळते. पण शब्द ठेवायचा तर शेजारी वाक्य पाहिजे: कोणत्या दिवशी, कुठे, कशाने, कोणाच्या राजवटीत. जालियनवाला बागेत निदान भिंतीतली गोळ्यांची भोकं दिसतात. २०२१ ला तिथलं नूतनीकरण झालं, त्या अरुंद बोळाच्या भिंतींवर हसऱ्या माणसांची शिल्पं बसवली. तेव्हा इतिहासाचे अभ्यासक चिडले ते याचसाठी. बोळ अरुंद, कोंदट होता हाच पुरावा होता. तो साजरा करून टाकला.

आज जेवणाच्या सुट्टीत कात्रण घेऊन स्मारकापाशी गेलो होतो. हळू आवाजात सगळी नावं वाचली. सहा मिनिटं लागली. एक वॉचमन बराच वेळ बघत होता, शेवटी विचारलं, "मतदारयादी काय साहेब?" म्हटलं, तशीच काहीशी.

एक अडलं. "करपैया किरमल देवेंद्र" हे नाव दोनदा वाचलं तरी जिभेवर बसेना.

---

बंगळूरवासी | रात्री ९:३०

माझी सासुरवाडी मदुराईची, म्हणून अंदाज करतो. हे 'करपैया' बहुतेक 'करुप्पय्या' असावं. तमिळमध्ये अगदी नेहमीचं नाव. मराठी कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं असणार, मग छापणाऱ्याने जसं दिसलं तसं. देवेंद्र हे आडनाव नसून बापाचं किंवा जातीचंही नाव असू शकेल. 'किरमल'चं मात्र मलाही कोडं आहे, बायकोला विचारून सांगतो.

---

चर्चगेट फास्ट | रात्री ९:४४

करुप्पय्या. हां, आता म्हणता येतं. कात्रणावर शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलं, प्रश्नचिन्हासकट.

---

बंगळूरवासी | रात्री १०:१०

बायको म्हणते 'किरमल' म्हणजे 'पेरुमाळ' असेल. तिचे वडील म्हणतात 'करुमलै'. घरात वाद चालू आहे. उद्या कळवतो.